भंगारातला जनरेटर टेम्पोवर बसवताना

आष्टी, कडा, धामणगाव, धानोरा आणि पलीकडे जामखेड या पट्ट्यात आठवडी बाजार करणाऱ्या कापडवाल्यांना एक गोष्ट चांगली माहीत आहे. दुपारी पालात चौकशी जास्त आणि खरेदी कमी असते. खरी विक्री ऊन उतरल्यावर होते. शेतातले काम आटोपून माणसे येतात, बायामुली साडीचा रंग पारखू लागतात आणि तेवढ्यात अंधार पडतो. ऊसतोडीची कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन कारखान्यांकडे निघतात व उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. त्यांच्या जाण्याआधीचे व परतल्यानंतरचे काही आठवडे, लग्नसराई आणि रमजानच्या रात्री, एवढ्यावर आमचे वर्ष उभे असते. हा सगळा धंदा दिव्याच्या उजेडातला आहे. कमी उजेडात काळा आणि गर्द निळा एकच दिसतो, आणि दुसऱ्या दिवशी नग परत येतो.

2005 ते 2012 या काळात ग्रामीण भागात दहा-दहा, बारा-बारा तास भारनियमन होत असे, हे वाचकांना आठवत असेलच. त्या दिवसांत दुकानादुकानापुढे जनरेटर धडधडत होते. आता वीज पुष्कळ सुधारली आहे. 23 सप्टेंबर 2022 पासून अहिल्यानगरहून आष्टीपर्यंत रेल्वेही धावू लागली. पण बाजारतळावर उभ्या केलेल्या टेम्पोला मीटर नसतो. खांबावर आकडा टाकणे ही 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 135 खाली चोरी आहे. त्या उजेडात केलेल्या विक्रीला बरकत कशी येणार? म्हणून आमच्या बिरादरीतले होतकरू तरुण छोटा हत्ती किंवा पिकअप घेतात, हौद्यात दुकान मांडतात आणि दिव्यांसाठी भंगारातला किंवा मंडपवाल्याने काढून टाकलेला जनरेटर शोधतात. असा जनरेटर आम्हीही बसवला. त्यात आम्ही केलेल्या चुका इतरांनी करू नयेत, म्हणून हा लेख.

घेण्यापूर्वी हिशेब

आमची पहिली चूक मापाची होती. स्वस्त मिळतो म्हणून आम्ही तीन केव्हीएचा डिझेल संच घेतला. पूर्वी एकेका पालात 500 वॅटचे चार हॅलोजन लागत, तेव्हा हे माप बरोबर होते. आता 20 वॅटच्या आठ एलईडी ट्यूब, 60 वॅटचे दोन पंखे, बिलाचे यंत्र व मोबाईलचे चार्जर धरून सारा भार साडेतीनशे वॅटच्या आत बसतो. तीन केव्हीएचा संच सुमारे 2400 वॅट देऊ शकतो. डिझेल इंजिन फार कमी भारावर तासन्‌तास चालवले तर इंधन पुरते जळत नाही, सायलेन्सरमध्ये ओली काजळी साचते आणि तेल लवकर खराब होते. आम्ही शेजारच्या सहा-सात पालांना दिवाभाड्याने वीज देऊ लागलो, तेव्हा भार एक हजार वॅटपर्यंत गेला आणि संच ठीक चालू लागला.

ज्यांना फक्त आपल्याच पालापुरता उजेड हवा आहे, त्यांनी जनरेटरच्या नादी लागूच नये. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासाच्या बॅटरीत 1800 वॅट-तास वीज साठते. त्यातली निम्मी वापरली तरी तीनशे वॅटचा भार अडीच-तीन तास चालतो. एका संध्याकाळच्या बाजाराला तेवढे पुरते. रात्रभराची यात्रा, रमजानचा बाजार किंवा पाच-सात पालांना वीज द्यायची असेल, तरच जनरेटरचा विचार करावा.

हात घालून पाहावे

हदीसमध्ये एक प्रसंग आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारात धान्याच्या एका राशीपाशी थांबले व त्यांनी राशीत हात घातला, तो आतले धान्य ओले निघाले. वरचे कोरडे, आतले ओले. त्यांनी विक्रेत्याला समज दिली की, ओले धान्य वर ठेवायला हवे होते, म्हणजे लोकांना ते दिसले असते. हा प्रसंग आम्ही लहानपणी उर्दू शाळेत ऐकला होता. कापड घेताना आम्ही थान उलगडून आतला पदर पाहतो. जनरेटर घेताना मात्र वरचा रंग पाहून फसलो. विकणाऱ्याने ताजा हिरवा रंग मारला होता. सौदा 18,000 रुपयांत झाला. घरी आणून अर्धा तास चालवला, आणि पंखे लावताच दिवे मंद झाले. अल्टरनेटरच्या वाइंडिंगमध्ये ओल मुरली होती.

आता कोणी विचारले तर आम्ही पुढील गोष्टी पाहायला सांगतो.

इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी जावे. गरम झाल्यावरही निळा धूर येत असेल तर इंजिन तेल जाळते आहे, म्हणजे रिंग किंवा लायनर झिजले. काळा धूर म्हणजे भार जास्त किंवा नोझल बिघडलेले. चालू इंजिनाचे तेल भरण्याचे झाकण जपून सैल करावे. तिथून धुराचे झोत येत असतील तर कॉम्प्रेशन गळते आहे.

अल्टरनेटरला पूर्ण भार लावून निदान एक तास चालवावे. चार पोलच्या अल्टरनेटरला 50 सायकलसाठी मिनिटाला 1500 फेरे लागतात, दोन पोलच्याला 3000. बिनभाराचा संच 51-52 सायकल दाखवत असेल आणि भार पडल्यावर 50 च्या आसपास स्थिरावत असेल, तर गव्हर्नर ठीक आहे. वायरमनकडून 500 व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग तपासून घ्यावे. एक मेगओहमपेक्षा कमी आले तर आत ओल आहे किंवा वार्निश गेले आहे. ओल असेल तर वाळवून भागते, वार्निश गेले असेल तर रिवाइंडिंगचा खर्च किमतीत धरावा.

एक फायद्याची गोष्टही सांगतो. पुष्कळ दिवस पडून असलेला संच कधी कधी फिरतो छान, पण वीज देत नाही. मालक तो निकामी समजून भंगाराच्या भावात देतो. अनेकदा त्याच्या लोखंडातले उरलेसुरले चुंबकत्व तेवढे गेलेले असते. जाणकार वायरमन व्होल्टेज रेग्युलेटर सोडवून 12 व्होल्टच्या बॅटरीने फील्डला क्षणभर करंट देतो आणि संच पुन्हा वीज देऊ लागतो. हे काम स्वतः करू नये, ज्याला येते त्याच्याकडूनच करून घ्यावे.

आणखी एक. पाण्याच्या पिंपावर थंड होणारे इंजिन शेतात चालते, वाहनावर ते अडचणीचे. टेम्पोसाठी हवेने थंड होणारे इंजिन पाहावे.

त्या रात्री काय झाले

रिवाइंडिंग झाले, संच ठणठणीत चालू लागला. आता आम्हाला बसवण्यावर पैसे घालवायचे नव्हते. वेल्डरला सांगून हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यात, केबिनच्या मागे, दोन अँगल मारून घेतले आणि संच त्यावर ठेवला. सायलेन्सरचे तोंड बाजूच्या फटीतून बाहेर काढले. वाहनावर हौदा असतो आणि जनरेटर त्यात मावतो, एवढाच आमचा विचार.

पावसाळ्यातल्या एका यात्रेत रात्री दहाच्या सुमारास जोराची सर आली. पुतण्याने आणि कामावरच्या मुलाने माल भिजू नये म्हणून चारी बाजूंनी ताडपत्री सोडली, फाळका वर घेतला आणि दोघे आत बसले. दिवे चालू, म्हणजे जनरेटरही चालू. फटीतून बाहेर काढलेला पाइप हादऱ्यांनी आत सरकला होता. आम्ही समोरच्या चहाच्या टपरीत होतो. थोड्या वेळाने पुतण्याचा फोन आला, "चाचा, डोके फार दुखतेय, मळमळतेय." पाठोपाठ उलटीचा आवाज. आम्ही धावत जाऊन ताडपत्री ओढली. कामावरचा मुलगा साड्यांच्या गठ्ठ्यावर आडवा पडला होता, हाक मारली तर नुसते डोळे उघडत होता. टपरीवाल्याने आणि दोन खेळणीवाल्यांनी दोघांना बाहेर पावसात आणले, मोकळ्या हवेत बसवले, मग दवाखान्यात नेऊन ऑक्सिजन लावला. अल्लाहची मेहेरबानी की दोघे वाचले. त्या मुलाच्या आईला काय उत्तर दिले असते, हा विचार आजही मनातून जात नाही.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. या वायूला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. पेट्रोलच्या जनरेटरमध्ये तो डिझेलपेक्षा पुष्कळ जास्त असतो, म्हणून लहान पेट्रोल संच निरुपद्रवी समजणे सर्वांत धोक्याचे. डोके जड होणे व मळमळणे हीच काय ती सूचना. झोपलेल्या माणसाला तीही मिळत नाही.

बसवण्याची रीत

अमेरिकेत पिकअपच्या हौद्यात जोडणी बसवून मागे ओढायची फिरती घरे असतात. त्यांत जनरेटरला वेगळा कप्पा देतात. त्याचे दार बाहेरच्या बाजूला उघडते आणि माणसे राहतात त्या बाजूची भिंत हवाबंद असते. आमच्या मिस्त्रीला आम्ही ही गोष्ट सांगितली, तर तो म्हणाला, "शेठ, मग आपण पण तसंच करू की." त्याने केले ते असे.

संच हौद्यातून काढून मागच्या टोकाला नेला. त्याच्याभोवती जाड पत्र्याचा खण केला. दुकानाच्या बाजूची भिंत सांधे वेल्ड करून पूर्ण बंद, आणि बाहेरच्या बाजूला जाळीची दारे, थंड हवा आत येण्यासाठी एक व गरम हवा बाहेर पडण्यासाठी दुसरे. संचाखाली चार रबरी माउंटिंग, त्यांचे बोल्ट चेसिसला घट्ट. अशा संचाचे इंजिन, अल्टरनेटर व चौकट मिळून वजन अडीच-तीनशे किलोवर जाते; तेवढा माल आम्ही कमी भरतो. धुराला लवचीक पोलादी पाइप जोडून तो टपाच्या वर नेला, क्लॅम्पने तीन ठिकाणी आवळला आणि काचलोकरीने गुंडाळला. पॉलिस्टरच्या साडीला गरम पाइप लागला तर ती वितळून पेटते, म्हणून मधल्या भिंतीला माल टेकवायचा नाही. डिझेलची टाकी पाइपच्या विरुद्ध अंगाला ठेवली, आणि इंजिन थंड झाल्याशिवाय त्यात इंधन ओतायचे नाही. एबीसी पावडरची आग विझवण्याची नळी गल्ल्याजवळ टांगली.

विजेच्या कामात तीन केव्हीएला सुमारे 13 अँपिअर करंट येतो. त्यासाठी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, 16 अँपिअरचा एमसीबी आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. इथे एक मुद्दा बहुतेक वायरमन विसरतात. जनरेटरचा न्यूट्रल त्याच्या चौकटीला व टेम्पोच्या बॉडीला जोडलेला नसेल, तर माणसाला शॉक बसला तरी आरसीसीबी पडत नाही. तो नुसता शोभेला राहतो. जोडणी करून चाचणीचे बटण दाबून पाहावे, आणि मुक्कामाच्या जागी अर्थिंगची सळई जमिनीत ठोकावी. घरी वीज गेली म्हणून हा जनरेटर घराच्या सॉकेटमध्ये कधीही खोचू नये. वीज उलटी फिरून खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव घेऊ शकते. चेंजओव्हर स्विच असेल तरच घराला जोडावा.

कागद आणि आवाज

वाहनात असा बदल करणे हा मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 चा विषय आहे. वेल्डिंग करण्यापूर्वी आरटीओ कार्यालयात विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे, नाहीतर अपघाताच्या वेळी दावा अडतो. आवाजाचेही भान हवे. ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 ही रात्रीची वेळ धरली जाते आणि वस्तीत त्या वेळी 45 डेसिबलची मर्यादा आहे. तरावीहच्या वेळी मशिदीजवळ आणि कीर्तनाच्या वेळी मंदिराजवळ आम्ही संच बंद करून बॅटरीचे दिवे लावतो. गिऱ्हाईकही त्याबद्दल बरे बोलते.

शेवटचा हिशेब

संचाचे 18,000, रिवाइंडिंगचे 7,000, खण, पाइप, माउंटिंग व वायरिंगचे 16,000, असे आमचे 41,000 रुपये झाले. नवा आवाजबंद डिझेल संच लाखाच्या पुढे जातो. म्हणजे जुना संच घेऊनही बचत झालीच. पण 18,000 वरच थांबलो असतो, तर दोन जीव गेले असते. जुन्या जनरेटरवर जे पैसे वाचतात, त्यातला मोठा हिस्सा तो बसवण्याचाच आहे. तो वाचला असे कोणी समजू नये.

पुढे कधी हा संच विकायची वेळ आली, तर रंग न मारता विकू, आणि वाइंडिंग एकदा बदलले आहे हे घेणाऱ्याला आधी सांगू. तरुण व्यापारी बांधवांना आमचे एवढेच सांगणे आहे: पाऊस कितीही असो, माल कितीही भिजो, आधी जनरेटर बंद करा आणि मग ताडपत्री सोडा. भिजलेली साडी वाळवून विकता येते.