वालाची टोकण आणि शंभरातील हिशेब

किन्हवली परिसरात भाताची कापणी आटोपली की खाचरातील उरलेल्या ओलीवर वालाची टोकण होते. या पिकास दुसरी संधी क्वचितच मिळते. बी उगवले नाही तर पुन्हा टोकण करीपर्यंत ओल उडून जाते आणि ती जागा हंगामभर रिकामी राहते. म्हणून बियाण्याची उगवणशक्ती आधीच पाहणे अगत्याचे आहे.

चाचणी सोपी आहे. पोत्याच्या वरून, मधून व तळातून मूठमूठ बी घेऊन एकत्र मिसळावे व त्यातून न निवडता १०० दाणे मोजावेत. टपोरे तेवढे वेचल्यास चाचणी फसवी ठरते. न निवडता नमुना घेण्याच्या याच तत्त्वावर डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० नंतरच्या दशकात पीककापणी प्रयोगांची पद्धत विकसित केली. मोजलेले दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडून गुंडाळी करावी आणि ती सावलीत ओलसर ठेवावी. आठ-दहा दिवसांनी निकोप कोंब मोजावेत. ८० रुजले तर एक दाणा उगवण्याची संभाव्यता शंभरात सुमारे ८० व न उगवण्याची २० समजावी. निव्वळ योगायोगानेही या आकड्यात सात-आठ दाण्यांचा फरक पडू शकतो. शंका वाटल्यास आणखी १०० दाणे तपासावेत. केवळ १० दाण्यांवर विसंबू नये.

आता एका जागी दोन दाणे टोकल्यास काय होईल? १०० जागांपैकी सरासरी २० जागी पहिला दाणा वाया जाईल. त्या २० पैकी पाचव्या हिश्श्यात, म्हणजे ४ जागी, दुसराही जाईल. ९६ जागी रोप दिसेल. तिसरा दाणा टाकल्यास ९९ जागा भरतील. बियाणे दीडपट, लाभ मात्र अवघ्या तीन जागांचा. उगवण ६० असेल तर दोन दाण्यांनी ८४ व तीन दाण्यांनी ९४ जागा भरतात. तेथे तिसरा दाणा कामी येतो.

मात्र एका दाण्याचे नशीब दुसऱ्याशी जोडलेले नसेल तेव्हाच हा हिशेब खरा ठरतो. सखल कोपऱ्यात पाणी साचले तर शेजारचे दोन्ही दाणे एकदमच कुजतात. तेथे दाणे वाढवून उपयोग नाही, पाण्याचा निचराच केला पाहिजे. ग्रामसेवकांनी टोकणीपूर्वी ही चाचणी शेतकरी बंधूंना त्यांच्याच ओटीवर करून दाखवावी.