चौलच्या खाडीतील दोन युद्धे : ख्रिस्ती-मुस्लिम संघर्षाचा कोकणातील संदर्भ

प्रस्तावना

मध्ययुगातील ख्रिस्ती व मुस्लिम सैन्यांतील युद्धे म्हटली की जेरुसलेम, स्पेन व कॉन्स्टॅन्टिनोपल यांचाच उल्लेख प्राधान्याने होतो. तथापि, या संघर्षाचे एक महत्त्वाचे पर्व रायगड जिल्ह्यात, कुंडलिका नदीच्या मुखाशी असलेल्या चौल-रेवदंडा परिसरात घडले. नवी मुंबईतील विद्यार्थ्यांना हे स्थळ दूरचे नाही. १५०८ व १५७०-७१ मधील तेथील दोन युद्धांच्या आधारे, अशा संघर्षास 'धर्मयुद्ध' म्हणणे कितपत यथार्थ ठरते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पार्श्वभूमी

१४१५ मध्ये मोरोक्कोतील सेउटा जिंकणाऱ्या पोर्तुगालची युद्धदृष्टी मुस्लिमांविरुद्धच्या दीर्घ लढ्यात घडली होती. हिंदी महासागरातील मुस्लिम व्यापाऱ्यांनाही पोर्तुगीज 'मूर' म्हणत व शत्रू मानत. मात्र त्यांचा मूळ उद्देश मसाल्यांचा व्यापार ताब्यात घेणे हा होता. त्यासाठी त्यांनी जहाजांवर 'कर्ताझ' नावाच्या परवान्याची सक्ती केली. यामुळे इजिप्तच्या मामलूक सुलतानाचे जकातीचे उत्पन्न धोक्यात आले. इजिप्तमार्गे येणाऱ्या मसाल्यांवर व्हेनिसचीही समृद्धी अवलंबून होती. म्हणूनच १५०४ मध्ये या ख्रिस्ती प्रजासत्ताकाने कैरोला दूत पाठवून पोर्तुगीजांविरुद्ध उपाय योजण्याचे सुचविले.

पहिले युद्ध (१५०८)

मार्च १५०८ मध्ये अमीर हुसेनचे मामलूक आरमार चौलला आले. दीवचा सुभेदार मलिक अयाज गुजरातच्या सुलतानातर्फे त्याला येऊन मिळाला. कोचीनच्या व्यापारी जहाजांच्या रक्षणार्थ आलेला लोरेन्सो दी आल्मेदा हा पोर्तुगीज विजरईचा पुत्र खाडीत अडकला. माघार घेताना त्याचे जहाज मासेमारीसाठी रोवलेल्या खांबांत गुंतले आणि तो मारला गेला. पुत्रवधाचा सूड म्हणून विजरई फ्रान्सिस्को दी आल्मेदाने डिसेंबर १५०८ मध्ये आदिलशाहीतील दाभोळ बंदर जाळून तेथे कत्तल केली. या कत्तलीत धर्माचा भेद पाळला गेला नाही. ३ फेब्रुवारी १५०९ रोजी दीव येथे त्याने संयुक्त आरमाराचा पराभव केला. या आरमारात कालिकतच्या हिंदू सामुरी राजाची जहाजेही होती. उलट, कोचीनचा हिंदू राजा पोर्तुगीजांचा मित्र होता. मलिक अयाजने तर पोर्तुगीज कैद्यांना चांगले वागवून पुढे तहाचा मार्ग मोकळा ठेवला.

दुसरे युद्ध (१५७०-७१)

चौल हे अरबी घोड्यांच्या आयातीचे प्रमुख बंदर होते व दख्खनच्या सत्तांना घोडदळासाठी घोडे अत्यावश्यक होते. त्यामुळे निजामशाहीनेच १५२१ मध्ये पोर्तुगीजांना रेवदंड्यास किल्ला बांधण्याची परवानगी दिली. पुढे त्यांचे सागरी वर्चस्व असह्य झाल्यावर १५७० मध्ये अली आदिलशहाने गोव्यास, मुर्तजा निजामशहाने चौलला आणि सामुरीने कालिकतजवळच्या चालियमला वेढा घालण्याचे ठरविले. चौलचा वेढा जुलै १५७१ पर्यंत चालला. परंतु समुद्रमार्ग पोर्तुगीजांकडे असल्याने शहराला कुमक मिळत राहिली. निजामशाहीच्या काही अधिकाऱ्यांनी लाच घेऊन शत्रूला रसद पोहोचू दिली, असे फेरिश्ता नमूद करतो. अखेर तह झाला व चौल पोर्तुगीजांकडेच राहिले. चालियम मात्र सामुरीने जिंकून घेतले.

त्याच वर्षी, ७ ऑक्टोबर १५७१ रोजी, लेपांटोच्या समुद्रात व्हेनिस हे पोप व स्पेन यांच्या बाजूने तुर्कांविरुद्ध लढले. १५०४ मध्ये मुस्लिम सुलतानाला पोर्तुगीजांविरुद्ध उद्युक्त करणारी हीच सत्ता होती.

निष्कर्ष

धर्मभावना येथे केवळ देखावा नव्हती. शत्रू कोणास म्हणावे, हे पोर्तुगीजांच्या मनात बऱ्याच अंशी तीच ठरवीत होती. परंतु मित्र कोणास म्हणावे, हे जकात, घोडे, मसाले व परवाने यांनी ठरविले. एका बाजूस ख्रिस्ती आणि दुसऱ्या बाजूस मुस्लिम अशी मांडणी केल्यास सामुरी, कोचीनचा राजा व व्हेनिस यांना त्यात स्थानच उरत नाही. दाभोळच्या सामान्य रहिवाशांचा विनाशही तिच्यात झाकला जातो. आजच्या वर्गात मध्ययुगीन युद्धांचे दाखले वर्तमान वैराच्या समर्थनार्थ सहज पुढे येतात. अशा वेळी अध्यापकाने कोण कोणत्या धर्माचा होता यासोबतच, कोण कोणाच्या बाजूने व कशासाठी लढले, हाही प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवणे अगत्याचे आहे. त्या दृष्टीने चौलचा इतिहास हे जवळचे व अभ्यासण्याजोगे उदाहरण ठरते.