ते शून्य कुणाचं होतं?

पायलट स्टडीचा तिसरा दिवस. दुपारी एका मावशींच्या ओट्यावर बसून मी पीएचक्यू-९ भरून घेत होते. नैराश्याची प्राथमिक चाचपणी करायला जगभर वापरली जाणारी ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली. गेल्या दोन आठवड्यांत कोणता त्रास किती दिवस झाला हे विचारायचं. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण २७. सहसा १० किंवा जास्त गुण आले, की त्या व्यक्तीची पुढची तपासणी करतात.

सातवा प्रश्न एकाग्रतेचा. मूळ इंग्रजी प्रश्नातच उदाहरण आहे: वर्तमानपत्र वाचणं किंवा टीव्ही बघणं. मी तसंच विचारलं. मावशी हसल्या. "पेपर कुठला ताई, मला वाचाय येतंय व्हय? आन् टीव्ही बघाय वेळ कुठाय?"

मी शून्यावर खूण केली. बेरीज आली ९.

आमच्या प्रोटोकॉलप्रमाणे १० आले तर चिठ्ठी देऊन आरोग्य केंद्रात पाठवायचं होतं. ९ ला चिठ्ठी नव्हती. संध्याकाळी फॉर्म चाळताना गाइड मॅडमनी सातव्या प्रश्नावर बोट ठेवलं. "हे शून्य कुणाचं? त्यांचं की तुझं?"

दुसऱ्या दिवशी परत गेले. या वेळी विचारलं, "मावशी, काम करताना ध्यान लागतं का?" त्या म्हणाल्या, "कुठलं लागतंय! भाकरी तव्यावर टाकते आन् बसते तशीच. करपल्याचा वास आला की कळतं. रोजचंच झालंय." म्हणजे ३ गुण. बेरीज १२. जुन्या शून्यावर एक रेघ मारली, बाजूला नवं उत्तर, तारीख आणि सही टाकली, आणि चिठ्ठी दिली.

समता, विविधता, समावेशन हे शब्द तुम्ही संशोधनाच्या प्रत्येक कार्यशाळेत ऐकाल. बहुतेक वेळा आपण सिनॉप्सिसमध्ये "ग्रामीण व शहरी, स्त्री व पुरुष" अशी ओळ टाकून मोकळे होतो. माझ्याही सिनॉप्सिसमध्ये ती होती. मावशी सॅम्पलमध्ये होत्या, म्हणजे विविधता होती. पण प्रश्नात त्यांचं जगणं नव्हतं, म्हणजे समावेशन नव्हतं. आणि त्यामुळे मदत मिळण्याची संधी इतरांइतकी नव्हती, म्हणजे समताही नव्हती.

हा प्रश्न माझ्या एका फॉर्मपुरता नाही. जेफ्री आर्नेट यांनी २००८ साली अमेरिकेतल्या सहा प्रमुख मानसशास्त्रीय नियतकालिकांमधले २००३ ते २००७ या काळातले लेख तपासले. त्यांतले ९६ टक्के सहभागी पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले होते, आणि एकट्या अमेरिकेतले ६८ टक्के. आपल्या हातात येणारी बरीचशी साधनं अशा वातावरणात तयार झालेली असतात. ती टाकाऊ नसतात, पण आपल्याकडे तपासून घ्यावी लागतात.

उलट्या दिशेनंही जाता येतं. झिम्बाब्वेमध्ये शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' असा शब्द आहे. अर्थ, अति विचार करणं. लोक आपला त्रास याच शब्दात सांगतात. विक्रम पटेल (गोव्यातल्या 'संगाथ' संस्थेचे एक संस्थापक) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे अशा स्थानिक शब्दांतूनच १४ प्रश्नांची शोना प्रश्नावली बांधली. ती १९९७ साली प्रसिद्ध झाली. आधी लोकांची भाषा, मग प्रश्न.

मग तुम्ही काय कराल?

पहिलं, भाषांतर आणि उलट भाषांतर झालं म्हणजे काम संपलं असं समजू नका. माझं दोन्ही झालं होतं, 'वर्तमानपत्र' हा शब्दही बरोबर होता! पायलटमध्ये पाच-सहा जणांना विचारा, "हा प्रश्न तुम्हाला काय कळला, तुमच्या शब्दांत सांगा."

दुसरं, शब्द ऐन मुलाखतीत मनानं बदलू नका. बदल सुचला तर गाइडशी बोला, एथिक्स कमिटीला कळवा, आणि बदललेली प्रश्नावली पुन्हा तपासा. मावशींचा फॉर्म म्हणूनच मुख्य विश्लेषणात घेतलेला नाही.

तिसरं, 'लागू नाही' आणि 'अजिबात नाही' यांची सरमिसळ करू नका. एक्सेलमध्ये दोन्ही शून्यासारखीच दिसली, तर चूक नंतर शोधूनही सापडत नाही.

चौथं, कोण सुटतंय ते बघा. व्हॉट्सॲपवर गूगल फॉर्म पाठवला की स्मार्टफोन नसलेला माणूस सुटला. सासूबाई शेजारी बसल्या असतील, तर सून खरं बोलणार नाही. लिहिता न येणाऱ्या व्यक्तीला संमतीपत्र वाचून दाखवून, त्रयस्थ साक्षीदारासमोर अंगठा घेता येतो. त्या दिवसाची मजुरी बुडणार असेल, तर ती भरपाई बजेटमध्ये आधीच धरा.

आज एवढंच करा. तुमची प्रश्नावली काढा आणि शाळेत न गेलेल्या एखाद्या व्यक्तीला ती मोठ्यानं वाचून दाखवा. ती व्यक्ती जिथे हसेल, तिथे पेन्सिलनं खूण करा. माझ्या वेळी मावशी हसल्या होत्या आणि मी शून्य लिहून पुढच्या प्रश्नावर गेले होते.