परमुलखातल्या जपानी गाडीची निगा

जे यंत्र एका देशासाठी घडविले गेले आणि आयुष्याच्या उत्तरार्धात दुसऱ्याच देशाच्या रस्त्यांवर चालू लागले, त्याच्या देखभालीचा प्रश्न सामान्य मोटारीच्या देखभालीहून निराळा असतो. कारण ज्या कंपनीने ते घडविले तिच्या तेथील विक्रेत्यांच्या दप्तरी त्याची नोंद नसते, ज्या भाषेत त्याची माहितीपुस्तिका छापलेली असते ती भाषा नव्या धन्याला येत नसते, आणि ज्या हवामानासाठी त्याच्या पत्र्याला रंग चढविला गेला ते हवामान हजारो मैल मागे राहिलेले असते. आपल्याकडे जुन्या परदेशी गाड्यांच्या आयातीवर कडक निर्बंध असल्यामुळे हा अनुभव फारसा कोणाच्या वाट्याला येत नाही. परंतु ब्रिटनमध्ये, आणि तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही, अशा जपानी कुटुंबगाड्या नित्य पाहावयास मिळतात. टोयोटा एस्टिमा, निस्सान एल्ग्रँड, मित्सुबिशी डेलिका ही त्यांतली परिचित नावे. या लेखापुरता मात्र माझदा बोंगो फ्रेंडी या एकाच गाडीचा विचार करणे सोयीचे होईल, कारण आयात गाडीचे बहुतेक गुण आणि बहुतेक दुखणी तिच्या ठायी एकत्र सापडतात.

ही गाडी जपानमध्ये 1995 साली विक्रीस आली आणि फोर्ड फ्रेडा या नावानेही ती तेथे विकली जाई. आठ माणसांची बैठक, आसने उलगडली की त्यांचीच शय्या व्हावी अशी योजना, खिडक्यांना विजेवर सरकणारे पडदे, काही गाड्यांना बटण दाबताच वर उचलले जाणारे आणि दोघांच्या निजण्याची सोय करणारे छप्पर, आणि एवढे सारे सामावूनही अरुंद रस्त्यात सहज वळविता येईल असा आटोपशीर बांधा, या गुणांमुळे समुद्रकाठी वा डोंगरात मुक्काम करण्याची हौस असलेल्या ब्रिटिश कुटुंबांना ती मनापासून आवडली. तिची इंजिने तीन प्रकारची: अडीच लिटरचे टर्बो डिझेल, अडीच लिटरचे सहा सिलिंडरांचे पेट्रोल आणि दोन लिटरचे पेट्रोल. पुढील विवेचन मुख्यतः डिझेल गाडीचे आहे.

इतकी उपयुक्त गाडी जपानी माणसाने विकलीच का, ही शंका कोणत्याही गिऱ्हाइकाला येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर गाडीच्या प्रकृतीत नसून जपानच्या कायद्यात आहे. ‘शाकेन’ नावाची सक्तीची तपासणी तेथे नव्या गाडीला पहिल्या 3 वर्षांनी आणि त्यानंतर दर 2 वर्षांनी करून घ्यावी लागते, आणि तिच्या वेळी वजनावरील कर, सक्तीचा विमा व दुरुस्ती मिळून धन्याला मोठी रक्कम मोजावी लागते. गाडी फार जुनी झाली की वाहनकरही वाढतो. त्यातच तोक्यो, ओसाका यांसारख्या महानगरांच्या परिसरात धूर आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्या नियंत्रणासाठी केलेल्या कायद्याने जुन्या डिझेल गाड्यांची नोंदणी टिकविणे अशक्य केले. परिणामी चालत्या, धडधाकट गाड्या लिलावात येतात, आणि जपानप्रमाणेच डावीकडून वाहतूक असलेल्या देशांत जहाजाने जाऊन पोचतात.

गाडी घेताना प्रथम पाहावयाचे ते तिचे कागद. जपानी लिलावगृहे प्रत्येक गाडीचा तपशील एका पत्रकावर लिहितात. त्यावर एकंदर प्रतवारीचा आकडा असतो आणि गाडीच्या आकृतीवर दोषांच्या जागी अक्षरे मांडलेली असतात. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, एस म्हणजे गंज; पुढचा अंक दोषाचे प्रमाण सांगतो, आणि प्रतवारीच्या जागी आर लिहिलेले असेल तर ती गाडी अपघातानंतर दुरुस्त झालेली असते. हे पत्रक आणि जपान सरकारचे निर्यात प्रमाणपत्र यांची किलोमीटरच्या आकड्याशी रुजुवात घालता आली, तर पुढची पुष्कळ फसवणूक टळते. सुटे भाग मागविताना नोंदणीक्रमांक उपयोगी पडत नाही, सांगाड्यावर कोरलेला क्रमांकच द्यावा लागतो. तेव्हा तो पहिल्याच दिवशी उतरून ठेवावा. डिझेलच्या धन्याला एक मोठा दिलासा असा की, याच कुळातले इंजिन युरोपात विकल्या गेलेल्या माझदा बी 2500 आणि त्या काळच्या फोर्ड रेंजर या पिकअप गाड्यांत होते, त्यामुळे इंजिनाचे कित्येक भाग जपानहून न मागविताही मिळतात.

आता या गाडीच्या मर्मस्थानाकडे वळू. बोंगोचे इंजिन पुढच्या आसनांच्या खाली दडलेले आहे आणि रेडिएटर मात्र नाकाशी आहे. शिवाय प्रवाशांसाठी मागेही एक हीटर दिलेला आहे. म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याला गाडीच्या पोटाखालून लांबचा फेरा घालावा लागतो, आणि त्या वाटेवर रबरी नळ्या, धातूचे पाइप आणि सांधे यांची संख्या साध्या मोटारीहून पुष्कळ अधिक असते. यांतला एक सांधा झिरपू लागला तरी पाणी हळूहळू कमी होत जाते. चालकासमोरचा तापमानाचा काटा या बाबतीत विश्वासू साक्षीदार नव्हे. तापमान बऱ्याच मर्यादेपर्यंत चढले तरी तो मधल्याच जागी स्थिर राहील अशी त्याची रचना आहे, आणि जेव्हा तो वर चढतो तेव्हा ॲल्युमिनियमचे हेड वाकण्याची वा त्याला तडा जाण्याची क्रिया सुरू झालेली असते. शिवाय पाणी फार कमी झाले की काट्याचा संवेदक पाण्याबाहेर, कोरड्यातच राहतो आणि त्याच्या सांगण्याला काही अर्थ उरत नाही. म्हणून जाणते बोंगोवाले पाण्याच्या टाकीत पातळी उतरताच भोंगा वाजविणारा एक छोटा संवेदक बसवून घेतात. नव्या हेडच्या किमतीपुढे त्याचा खर्च अगदीच किरकोळ असतो, आणि गाडी घेतल्यावर पहिली खरेदी याचीच व्हावी असे माझे आग्रहाचे मत आहे.

पाणी कमी होत असेल तर शोधाचा क्रम ठरलेला असावा. इंजिन पूर्ण थंड असताना टाकीतली पातळी पाहावी व खूण करून ठेवावी. गाडीखाली रात्रभर पुठ्ठा अंथरून ठिबक कोठे पडते ते पाहावे. सांध्यांवर वाळलेल्या कूलंटचे पांढरट वा रंगीत डाग शोधावेत. पायाखालचा गालिचा ओला असेल आणि आत गोडसर वास येत असेल, तर हीटर गळतो आहे असे समजावे. यातून काही निष्पन्न झाले नाही तर मेकॅनिककडून टाकीच्या तोंडाला हातपंप लावून थंड इंजिनावरच दाबाची परीक्षा करून घ्यावी. दाब टिकला तर नळ्या निर्दोष ठरतात. टाकीचे झाकणही याच पंपाने तपासता येते, आणि ते तपासावेच, कारण त्यातले रबर निकामी झाले की दाब टिकत नाही व पाणी लवकर उकळते. बाहेर थेंबही पडत नाही आणि तरीही इंजिन पाणी खाते, थंड इंजिन चालू करताच थोड्या वेळात वरची नळी दगडासारखी कठीण होते, टाकीत सतत बुडबुडे येतात, अशी लक्षणे असतील तर हेड गॅस्केट वा हेडविषयी संशय धरावा. त्याची शहानिशा करणारे एक निळे द्रावण मिळते. टाकीतली वाफ त्यातून जाऊ दिली आणि तिच्यात धुराचा वायू असला, तर निळा रंग पालटून हिरवट वा पिवळा होतो. हेड उघडण्याचा मोठा खर्च मान्य करण्यापूर्वी ही अल्पमोली परीक्षा करून घेण्याचा आग्रह प्रत्येक धन्याने धरावा.

नळी बदलल्यावर वा पाणी भरल्यावर दुरुस्ती पुरी झाली असे समजणे ही या गाडीच्या बाबतीत सर्वांत घातक हयगय होय. लांब फेऱ्यामुळे आत हवा कोंडते, आणि जेथे हवा आहे तेथे पाणी फिरत नाही. पुढचा व मागचा दोन्ही हीटर पूर्ण गरमवर ठेवून, हवा काढण्यासाठी दिलेली नळी उंच धरून, इंजिन संथ चालवीत बुडबुडे संपूर्ण थांबेपर्यंत सावकाश भरणा करावा लागतो. जो मेकॅनिक हे काम घाईने उरकतो, त्याच्या हातून गेलेली गाडी काही मैलांतच पुन्हा तापते आणि दोष मात्र गाडीच्या माथी मारला जातो. भरावयाचे ते साधे पाणी नव्हे, तर शुद्ध पाणी आणि गोठणरोधक द्रव यांचे निम्मेनिम मिश्रण. ते हिवाळ्यात गोठत नाही आणि आतला धातू गंजू देत नाही. दोन निरनिराळ्या जातींचे द्रव मात्र एकत्र करू नयेत.

रस्त्यात चालता चालता हीटरमधून एकाएकी थंड हवा येऊ लागली, तर ती हीटरची तक्रार मानू नये. हीटरपर्यंत पाणीच पोचत नाही, म्हणजे ते बहुधा निघून गेले आहे, असा तिचा अर्थ घ्यावा. तत्काळ कडेला थांबून इंजिन बंद करावे, ते थंड होईपर्यंत टाकीच्या झाकणाला हात लावू नये, कारण दाबाखालचे तप्त पाणी झाकण सैल होताच उसळून अंग भाजते. आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये, कारण तापलेल्या हेडला तडा जाण्याचे ते हमखास निमित्त ठरते. घर केवळ दोन मैलांवर आहे या मोहाने पुढे रेटलेल्या गाड्यांची इंजिने बदलावी लागलेली आहेत.

टायमिंग बेल्टची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. तो रबराचा असून साधारणतः 1 लाख किलोमीटरला बदलावा लागतो. तो तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिनाचे मोठे नुकसान होऊ शकते. बदलल्याचा लेखी पुरावा हाती नसेल तर तो बदललेला नाही असेच गृहीत धरावे.

थंडीत गाडी सुरू होताना कुरकुरली आणि पांढरा धूर सोडून अडखळत चालली, तर प्रथम चारही ग्लो प्लग मीटरने तपासावेत. एखादाच निकामी असला तरी हे लक्षण दिसते. सकाळी फार वेळ स्टार्टर फिरवावा लागत असेल पण नंतर गाडी नीट चालत असेल, तर इंधनाच्या जुन्या नळ्यांतून रात्री हवा शिरत असावी. बॅटरी बदलताना लक्षात ठेवावे की काही जपानी बॅटऱ्यांची टोके युरोपीय बॅटरीच्या टोकांहून बारीक असतात. न जुळणारी पकड ठोकून बसविली तर सैल जोडणीतून नाना तऱ्हेचे विद्युत्‌दोष उद्भवतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल तांबडे असावे. ते तपकिरी झाले असेल व जळका वास येत असेल तर बदलावे, मात्र एका वेळी काढलेले तेल हे एकूण तेलाचा एक भागच असते, उरलेले टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहते, हे ध्यानी घेऊन थोड्या दिवसांनी पुन्हा बदलावे. आजकालची संगणकजोडणी या पिढीच्या गाड्यांना सहसा चालत नाही. निदानाच्या सॉकेटमधील नेमकी दोन टोके तारेने जोडून दिव्याची उघडझाप मोजावी लागते, आणि हे जाणणारा मेकॅनिक मिळाला तर त्याला सोडू नये. गाडीतल्या रेडिओवर स्थानिक केंद्रे लागत नाहीत म्हणून कोणी चिंता करू नये. जपानी एफएमचा पट्टा 76 मेगाहर्ट्झपासून आणि ब्रिटनचा 87.5 पासून सुरू होतो, त्यामुळे तो दोष नसून केवळ रचनेतला फरक आहे.

यांत्रिक भाग बदलता येतात, परंतु कुजलेला सांगाडा बदलता येत नाही, आणि म्हणून गंजाचा विचार गांभीर्याने करावयास हवा. जपानच्या बऱ्याच भागांत रस्त्यावर मीठ टाकण्याचा प्रसंग क्वचित येतो. ब्रिटनमध्ये बर्फ वितळविण्यासाठी हिवाळाभर मीठ पसरतात. त्यामुळे तळाला जाड संरक्षक लेप नसलेली गाडी बंदरावर उतरते तेव्हा खालून स्वच्छ असते आणि काही हिवाळ्यांतच मागच्या चाकांच्या कमानी व दारांखालच्या पेट्या पोखरल्या जातात. ब्रिटनच्या वार्षिक तपासणीत आसनपट्टे वा स्प्रिंगा ज्या जागी जोडलेल्या असतात तिच्या 30 सेंटिमीटरांच्या आत पत्रा कुजलेला आढळला तर गाडी नापास होते. पहिल्या हिवाळ्यापूर्वीच तळ धुऊन, कोरडा करून, पोकळ भागांत मेणासारखा संरक्षक पदार्थ फवारून घ्यावा. आधीच सुरू झालेल्या गंजावर नुसता काळा लेप चढविल्याने ओल आत कोंडली जाते आणि नुकसान अधिकच वाढते. उचलणाऱ्या छपराचे कापडही भिजले असेल तर वाळवूनच मिटावे.

या साऱ्यातून निघणारी गोष्ट एकच आहे. ज्या गाडीच्या पाठीशी कंपनीचे दप्तर नाही, तिचे दप्तर धन्याने स्वतः ठेवले पाहिजे. एका वहीत तारीख, किलोमीटर, पाण्याची व तेलाची पातळी, बदललेला भाग आणि त्याचा क्रमांक यांची नोंद करण्यास आठवड्यातून काही मिनिटे पुरतात. आणि पातळी गेल्या महिन्याहून बोटभर उतरली आहे हे केवळ या वहीतूनच कळते, तापमानाच्या काट्यावरून कळत नाही. मेकॅनिकलाही अशी वही हाती मिळाली म्हणजे तो तर्काऐवजी पुराव्यावरून काम करू शकतो. खरेदीच्या रकमेतला एक भाग टायमिंग बेल्ट, नळ्या, कूलंट, भोंगा आणि तळाचे संरक्षण यांसाठी बाजूला काढण्याची तजवीज ज्याला शक्य नाही, त्याने ही गाडी घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. ज्याला ते शक्य आहे त्याला मात्र आठ माणसांना नेणारी, रात्री निवारा देणारी आणि दीर्घकाळ टिकणारी अशी गाडी लाभते, आणि जपानी कारागिरांनी तिच्यात ओतलेल्या श्रमांचे चीज, त्यांच्या देशाने तिला निरोप दिल्यानंतरही, होत राहते.