धारेची वेळ कुणी ठरवायची?

आमच्या उदगीरकडच्या घरात आईचं पाहुणपण कधी पूर्ण झालं नाही. लग्न असो की बारसं, दुपारचे चार वाजले की ती उठायची. ‘धारेची वेळ झाली’ एवढंच म्हणायची, आणि मुक्कामाचा आग्रह करणाऱ्यांना त्यावर बोलायला जागा उरायची नाही. लातूर-नांदेडकडे ज्यांच्या दारी दुभतं आहे, त्या घरांतल्या बायकांना हे वाक्य नवं नाही. प्रश्न असा, की ही वेळ नक्की ठरवतं कोण? गाय, घड्याळ, की दुधाची गाडी?

हा भाग गोधनाचा. देवणी गाईला नाव मिळालं ते लातूर जिल्ह्यातल्या देवणीवरून, लाल कंधारीला नांदेड जिल्ह्यातल्या कंधारवरून. देवणी दूध आणि शेतकाम अशा दोन्हींना चालते. लाल कंधारीची खरी ख्याती बैलांची. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत ही जनावरं आजही मिरवतात. अशा गाईचं दूध वासराला पाजून उरेल तेवढं घरात यायचं. धार तासभर पुढेमागे झाली तरी कुणाचं काही अडत नव्हतं. संकरित गाय आली, गावात संकलन केंद्र आलं, आणि धारेला घड्याळ बांधलं गेलं.

आता कासेत काय घडतं ते पाहू. दूध धार काढताना तयार होत नाही; ते चोवीस तास तयार होत असतं आणि कासेतल्या सूक्ष्म पिशव्यांत साठत असतं. सडाच्या वरच्या पोकळीत उतरलेलं दूध थोडंच असतं: विदेशी रक्ताच्या गाईत साधारण पाचवा हिस्सा, म्हशीत जेमतेम विसावा. बाकीचं दूध खाली यायला पान्हा फुटावा लागतो. वासराचं ढुशी देणं, कास धुणाऱ्या हाताचा स्पर्श, आंबोणाच्या घमेल्याचा आवाज यांनी मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात येतं आणि पिशव्या आवळल्या जातात. त्याचा जोर पाच-सात मिनिटंच टिकतो. जनावर बिचकलं, त्याला मार बसला, तर पान्हा चोरला जातो. म्हणजे जनावराला घड्याळ कळत नाही, खुणांचा क्रम कळतो.

कोल्हापूरच्या दूधकट्ट्यावर याचा पुरावा दिसतो. पंढरपुरी म्हशी भर रस्त्यात उभ्या असतात, गिऱ्हाइकं पेला घेऊन थांबलेली असतात, आणि तिथेच धारोष्ण दूध काढून दिलं जातं. जागा गजबजलेली, पण हात ओळखीचा आणि रीत रोजची. म्हैस पान्हा सोडते.

मग दोन धारांत किती अंतर चालेल? दिवसाला दहा लिटर देणारी गाय घ्या. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा अशी धार असेल, तर दोन्ही वेळेस पाच-पाच लिटर मिळेल. संध्याकाळची धार चारलाच काढली, तर दिवसाचं अंतर दहा तासांचं आणि रात्रीचं चौदाचं होतं. संध्याकाळी सव्वाचार लिटरच्या आत-बाहेर, सकाळी पावणेसहाच्या आसपास. बेरीज जवळपास तीच. साधारण सोळा तासांपर्यंत दूध बऱ्याच अंशी एकाच वेगाने साठतं. त्यापुढे कास तुंबते आणि दूध तयार होण्याचा वेगच मंदावतो. न्यूझीलंडमध्ये माणसांचे कष्ट वाचावेत म्हणून काही गोठ्यांत दोन दिवसांत तीनदाच धार काढतात. तिथेही अंतर सोळा तासांच्या आसपासच येतं, आणि थोडी घट ते गृहीत धरतात. दिवसातून एकदाच धार काढली, तर मात्र दूध पाचव्या ते चौथ्या हिश्श्याने घटू शकतं.

लिटर वाचले तरी पैसा वाचेलच असं नाही. धार काढल्यावरही कासेत थोडं दूध मागे राहतं, आणि शेवटचं दूध सर्वांत स्निग्ध असतं. पुढच्या धारेपर्यंत नवं दूध कमी साठलं, तर त्यात या मागच्या दुधाचा वाटा मोठा ठरतो. म्हणून कमी अंतराच्या धारेला फॅट जास्त, लांब अंतराच्या धारेला कमी लागते. गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून निघतो. चौदा तासांनंतरचं सकाळचं दूध या रेषेखाली गेलं, तर दर कापला जातो. संध्याकाळी फॅट वर गेली म्हणून तेवढीच भरपाई मिळते असं नाही. दुधात पाणी घातल्याचा संशय येतो तो वेगळाच. दोष गाईचा नाही, अंतराचा आहे.

म्हणजे मोकळीक आहे, पण तिला कुंपण आहे. नुकत्याच व्यायलेल्या, भरपूर दुधाच्या गाईला लांब अंतर सोसत नाही. जिला दगडी झाली आहे किंवा होऊन गेली आहे, तिची कास तुंबू देऊ नये. वेळ बदलायची तर रोज अर्ध्या तासाने सरकवावी; कास धुणं, आंबोण, धार हा क्रम मात्र मोडू नये. धार अर्धवट सोडू नये. उशीर झाला म्हणून पान्ह्याचं इंजेक्शन तर मुळीच नको. जनावराला अपाय होईल अशी इंजेक्शनं दुधासाठी टोचणं 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

उरतो दुधाच्या गाडीचा प्रश्न. कच्चं दूध मराठवाड्याच्या उन्हाळ्यात काही तासांतच नासायला लागतं. ते चार अंशांपर्यंत थंड करणारी टाकी गावातच असेल, तर केंद्र संध्याकाळी दोन तास उघडं राहू शकतं. टाकी नसेल, तर गाडीची मिनिटं पाळावी लागतात. सोयाबीनची काढणी चालू असते, शेताला वीज रात्री मिळते, लेकराला दवाखान्यात न्यायचं असतं; अशा दिवशी ते दोन तास घरातल्या बाईला फार मोठे असतात.

वसुबारसेला आपण सवत्स गाय पुजतो. गाय दोन तास थांबू शकते, हे आता आपल्याला कळलं आहे. आईला ते कुणी सांगितलं नव्हतं. पण सांगितलं असतं, तरी गाडी थांबली नसती.