हुकमाचा एक्का विकावा का?

गिरडची टेकडी चढताना पायाखाली गोल दगड येतात. काही सुपारीएवढे, काही त्याहून चांगले मोठे. ख्वाजा शेख फरीद यांच्या दर्ग्याला आलेला माणूस त्यातला एखादा उचलून पाहतोच. भूगर्भाचे जाणकार सांगतात की लाव्हा थंड होताना त्यात पोकळ्या राहिल्या, त्या झिओलाइट या खनिजाने भरल्या आणि वरचा खडक झिजल्यावर आतले गोळे मोकळे झाले. गावाची गोष्ट वेगळी आहे. दोन फिरते व्यापारी इथून चालले होते. त्यांनी बाबांची टिंगल केली, तसा त्यांचा सगळा माल दगड झाला. पाया पडून माफी मागितल्यावर बाबांनी वाळक्या पानांतून त्यांना नवा माल करून दिला. व्यापारी मात्र तो घेऊन पुढे गेले नाहीत, बाबांच्या सेवेतच राहिले. टेकडीवर त्यांच्या म्हणून दोन कबरी दाखवतात.

जुना माल जाऊन नवा मिळाल्याची ही गोष्ट आठवायला कारण घडलं आमच्या कबड्डीच्या संघात. सलग तीन स्पर्धांत पहिल्याच फेरीत गारद झालो. संघात एकच पोरगा हुकमी चढाईचा, आणि त्यालाच दुसऱ्या गावाच्या संघाने बोलावलं. वर मॅटसाठी पैसे द्यायची तयारीही दाखवली. कडुलिंबाखाली दोन तट पडले. “तो गेला त संपलं नं सारं, भाऊ!” असा एक तट. “जाऊ द्या त्याले, तो असून तरी कुठं जिंकलो आपण?” असा दुसरा. मला दोन्ही म्हणणी खरी वाटली. म्हणून मोठ्या संघांनी अशा वेळी काय केलं ते शोधत बसलो. सापडलं ते इतकं मजेदार होतं की सगळ्यांना सांगावंसं वाटलं.

आधी खेळाचा हिशेब

कबड्डीत हुकमी चढाईपटूचं दुखणं निराळंच असतं. फुटबॉलमधला भारी खेळाडू दमला तरी मैदानात उभा असतो. कबड्डीत तो पकडला गेला की थेट बाहेर जातो. आपल्या कुणीतरी समोरचा गडी मारेपर्यंत तो आत येत नाही, आणि मारणारा तर तोच बाहेर बसलेला! म्हणजे एका माणसावर उभा असलेला संघ त्याच्या एका चुकीने आंधळा होतो. गडी एकेक करून कमी होतात, मग लोण चढतो आणि त्याचे दोन गुण समोरच्याला वेगळे मिळतात. आमचे तिन्ही सामने असेच गेले.

३६ लाखांचा बाहुबली

कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातलं हुंदळेवाडी हे सिद्धार्थ देसाईचं गाव. २०१८ मध्ये प्रो कबड्डीच्या सहाव्या हंगामात यू मुंबाने त्याला ३६.४ लाखांत घेतलं. पहिल्याच हंगामात पठ्ठ्याने चढाईचे दोनशेहून जास्त गुण मिळवले आणि लोक त्याला बाहुबली म्हणू लागले. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १.४५ कोटी मोजले. मुंबईने त्याला जाऊ दिलं, बचावाचा कणा असलेल्या इराणच्या फजल अत्राचलीला ठेवलं आणि चढाईची जबाबदारी तीन-चार जणांत वाटून दिली.

सहाव्या हंगामात सिद्धार्थ असताना मुंबई एलिमिनेटरमध्येच बाद झाली होती. सातव्यात तो नसताना उपांत्य फेरीपर्यंत गेली आणि बंगाल वॉरियर्सकडून ३७-३५ अशी दोनच गुणांनी हरली. टायटन्स मात्र गुणतक्त्यात शेवटून दुसरे राहिले.

एका चढाईत आठ गुण घेणारा

परदीप नरवालने पाटणा पायरेट्सला तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या हंगामाचं विजेतेपद लागोपाठ मिळवून दिलं. पाचव्या हंगामात हरियाणाविरुद्ध त्याने एकाच चढाईत समोरचे सहाच्या सहा गडी मारले. लोणाचे दोन धरून त्या एका श्वासात आठ गुण झाले! त्या सामन्यात चढाईचे एकूण ३४ गुण त्याच्या एकट्याच्या नावावर आहेत.

गंमत पुढे आहे. सातव्या हंगामात परदीपने ३०२ गुण केले, तरी पाटणा बाद फेरीबाहेर. त्याआधीच्या वर्षीही तसंच झालं होतं. गुणांचा डोंगर होता, पण तो एकाच माणसाने रचलेला. २०२१ च्या लिलावात परदीप १.६५ कोटींना यूपी योद्धाकडे गेला. पाटण्याने बचाव पक्का केला आणि मोहम्मदरेझा शादलू नावाचा एक कोवळा इराणी पोरगा डाव्या कोपऱ्यात उभा केला. त्या हंगामात पाटणा गुणतक्त्यात पहिला आला. उपांत्य सामन्यात समोर कोण आलं असेल? परदीपचाच यूपी योद्धा. पाटण्याने तो सामना ३८-२७ असा घेतला. अंतिम सामना दिल्लीने जिंकला, तोही ३७-३६, एका गुणाने.

पहिल्याच सामन्यात गुडघा

नवव्या हंगामात तमिळ थलायवाजने पवन सेहरावतसाठी २.२६ कोटी मोजले. पहिल्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि अख्खा हंगाम हातचा गेला. सगळ्यांनी थलायवाज बुडाले असं धरलं. पण नरेंदर नावाच्या नवख्या पोराने पहिल्याच हंगामात चढाईचे २४३ गुण काढले आणि संघ उपांत्य फेरीत पोचला. पवन उभा असता तर नरेंदरला इतक्या चढाया मिळाल्या असत्या का? मला तरी वाटत नाही.

पुढच्या वर्षी टायटन्सने याच पवनला २.६०५ कोटींना घेतलं. पवन चांगलाच खेळला, दोनशेच्या वर गुण केले. संघाने मात्र २२ पैकी २ सामने जिंकले आणि तळ गाठला. त्या वेळी एका संघाकडे लिलावासाठी एकूण पाच कोटी असत. निम्म्याहून जास्त एकाच माणसावर गेले की कोपरारक्षक, मध्यरक्षक आणि राखीव गडी कशातून आणायचे?

पुण्याचा हिशेब

पुणेरी पलटणची गोष्ट मी आमच्या पोरांना दोनदा सांगितली.

नवव्या हंगामात फजल अत्राचली पुण्याचा कर्णधार होता. त्याच्यासाठी १.३८ कोटी मोजले होते. १७ डिसेंबर २०२२ ला मुंबईत अंतिम सामना झाला आणि जयपूरने पुण्याला ३३-२९ असं हरवलं. अंतिम फेरी गाठलेला संघ सहसा मोडत नाहीत. पुण्याने फजलला मोकळं केलं आणि कर्णधारपद दिलं अस्लम इनामदारला. हा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा पोरगा. मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे ही सगळी तरुण मंडळी पुण्याच्या संघातच घडलेली. त्यांच्या मागे एकच मोठी खरेदी केली. पाटण्याचा तोच शादलू, किंमत २.३५ कोटी.

१ मार्च २०२४, हैदराबाद. पुणे २८, हरियाणा २५. कमी गुणांचा, दातओठ खाऊन खेळलेला सामना. मध्यंतराच्या आधी पंकज मोहितेने एका चढाईत चार गुण आणले आणि तिथून सामना पुण्याकडे झुकला. अस्लम हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, शादलू सर्वोत्तम बचावपटू. दहा हंगामांतलं पुण्याचं हे पहिलं विजेतेपद.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. जिंकल्यावर पुण्याने शादलूलाही सोडलं. अकराव्या हंगामासाठी हरियाणाने त्याला २.०७ कोटींना उचललं. २९ डिसेंबर २०२४ ला हरियाणाने पाटण्याला ३२-२३ असं हरवून पहिल्यांदा चषक घेतला, तोही पुण्यात, बालेवाडीच्या संकुलात! पुण्याचा संघ त्या वर्षी बाद फेरीतही नव्हता. घरच्या मॅटवर आपला जुना गडी दुसऱ्याच्या रंगात चषक उचलताना पाहून पलटणच्या चाहत्यांना काय वाटलं असेल!

पण २०२५ मध्ये तीच घरची पोरं पुन्हा अंतिम फेरीत होती. दिल्लीकडून ३१-२८ हरली, पण पोचली. शादलू गेल्याचं नुकसान एका हंगामात भरून निघालं, कारण पोरं तयार होती.

रोप उपटल्याची खंत

यू मुंबाबद्दल मला हळहळ वाटते ती सिद्धार्थसाठी नाही. सातव्या हंगामात चढाई वाटून घेणाऱ्यांत अर्जुन देशवाल नावाचा एक नवखा होता. मुंबईने त्यालाही जाऊ दिलं. जयपूरने त्याला ९६ लाखांत घेतलं आणि नवव्या हंगामात या अर्जुनने चढाईचे २९६ गुण करून जयपूरला विजेतेपद मिळवून दिलं. अंतिम सामन्यात हरलं कोण, तर पुणं. इकडे मुंबईला आठव्या, नवव्या, दहाव्या अशा तिन्ही हंगामांत बाद फेरी दिसली नाही. अकराव्यात अजित चौहान हा नवा चढाईपटू उभा राहिला तेव्हा कुठे दार उघडलं.

पिकलेलं फळ बाजारात नेलं तर कुणी नावं ठेवत नाही. चार पानं फुटलेलं रोप कुणी विकतं का?

झहीरच्या बदल्यात उथप्पा

क्रिकेटमध्ये अदलाबदल आयपीएलच्या दुसऱ्याच वर्षी, २००९ मध्ये सुरू झाली. श्रीरामपूरचा झहीर खान बंगळुरूहून मुंबईला आला आणि मुंबईने बंगळुरूला रॉबिन उथप्पा दिला. आशिष नेहरा मुंबईहून दिल्लीला गेला, शिखर धवन इकडे आला. २०२३ च्या नोव्हेंबरात हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईत परतला, तेव्हा केवढा गाजावाजा झाला. पुढच्या हंगामात मुंबई सगळ्यात शेवटी आणि गुजरात आठवा. सौदा झाला आणि दोघांचंही बिघडलं.

तिकडे अमेरिकेत

अमेरिकेच्या फुटबॉलमध्ये लंबगोल चेंडू लांब फेकतात आणि वाऱ्यासारखा पळून तो झेलणारा एक गडी असतो. त्याचा रुबाब आपल्या चढाईपटूसारखाच. फरक एवढा की फेकणारा चुकला तर याचे हात रिकामेच राहतात. २०२२ मध्ये कॅन्सस सिटीने टायरीक हिल हा आपला सर्वांत वेगवान झेलणारा मायामीला दिला आणि बदल्यात नवे खेळाडू निवडण्याचे पाच हक्क घेतले. हिल मायामीत मंद झाला नाही. २०२३ मध्ये झेल घेऊन सर्वाधिक अंतर कापणारा तोच होता. पण बाद फेरीचा सामना काही मायामीला त्या दोन वर्षांत जिंकता आला नाही. कॅन्सस सिटीने ती दोन्ही वर्षं विजेतेपद घेतलं.

आणि याहून मोठा सौदा १२ ऑक्टोबर १९८९ चा. डॅलसने हर्शेल वॉकर हा आपला सर्वांत नावाजलेला खेळाडू मिनेसोटाला दिला. खेळाडू आणि निवडीचे हक्क मिळून १८ गोष्टींची देवाणघेवाण झाली. त्या वर्षी डॅलस १६ पैकी फक्त एक सामना जिंकला. त्या हक्कांतून आणलेल्या पोरांनी पुढे १९९३, १९९४ आणि १९९६ अशी तीन विजेतेपदं घेतली. एक विजय आणि पंधरा पराभव सोसायची ताकद किती गावांत असते?

आपल्या मातीचंही थोडं

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं ते अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने. म्हणजे जगाला हा खेळ दाखवायला विदर्भाची माणसं गेली होती. आज प्रो कबड्डीच्या १२ संघांत मुंबई आणि पुणे आहेत, विदर्भाचा एकही नाही. हे मला मनापासून खुपतं.

कडुलिंबाखालचा निकाल

हे सगळं मी पोरांसमोर मांडलं आणि माझं मतही सांगितलं. त्याला जाऊ द्या. हसत जाऊ द्या, तिकडे त्याला चार सामने जास्त मिळतील. मॅटचे पैसे घ्या. पण त्या पैशात बाहेरचा दुसरा चढाईपटू आणायचा असेल तर तो सौदा नको. टायटन्सने सिद्धार्थ आणला, पवन आणला, दोन्ही वेळा तळाकडेच गेले. पुण्याने आणि पाटण्याने मोठी नावं सोडली ती घरात कोण उभं राहतंय हे बघून. आपल्याकडे सोळा-सतरा वर्षांची पाच पोरं आहेत. त्यांना वर्षभर हरू द्यायची तयारी असेल तरच हा हुकमाचा एक्का सोडा. नसेल तर त्याला धरून ठेवा, पण निदान दुसरा चढाईपटू घडवायला घ्या.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग ज्याला बोलावणं आलं होतं तोच म्हणाला, “मी दिवाळीनंतर जातो. तोवर याले शिकवतो.” आणि त्याने कोपऱ्यात बसलेल्या सर्वांत बारीक पोराकडे बोट दाखवलं.

आता रोज संध्याकाळी मैदानावर पाणी मारलं जातं, फक्कीने रेषा आखल्या जातात. बारक्या कबड्डी कबड्डी म्हणत निदान रेषा ओलांडतो, बोनससाठी डावा पाय पुढे टाकतो, आणि उजवीकडून आलेला गडी त्याचा मागचा घोटा धरतो. काल असं सात वेळा झालं. आठव्यांदा त्याने पाय टाकायच्या आधी खांदा हलवला, कोपरारक्षक फसून उडी मारून बसला, आणि बारक्या बोनस घेऊन मध्यरेषेवर हात टेकून तसाच धापा टाकत पडून राहिला. सगळ्यात आधी धावत गेला तो दिवाळीनंतर जाणारा. “पाय नाही, पहिले खांदा,” असं म्हणत त्याने त्याला हाताला धरून उठवलं आणि पुन्हा चढाईला पाठवलं.