जर्मन वर्दीतले भारतीय शिपाई फ्रान्सच्या किनाऱ्यावर काय करत होते?

उत्तर आफ्रिकेत रोमेलच्या फौजेने ब्रिटिश सैन्यातले हजारो भारतीय शिपाई पकडले. सुभाषबाबूंनी १९४२ मध्ये त्यांच्यातूनच जर्मनीत आझाद हिंद लिजन उभारली. जर्मन दफ्तरात तिचं नाव ९५० वी इन्फंट्री रेजिमेंट. बाहीवर झेपावणारा वाघ, शपथ मात्र हिटलर आणि बोस दोघांच्या नावाने! बर्लिनमध्ये सुभाषबाबूंच्या सहकाऱ्यांत एन. जी. गणपुले हे मराठी गृहस्थही होते.

बेत होता रशियामार्गे हिंदुस्थानात शिरायचा. स्टालिनग्राडला जर्मनी हरला, तो बेत बारगळला. फेब्रुवारी १९४३ मध्ये नेताजी पाणबुडीतून पूर्वेकडे निघून गेले, शिपाई मागेच राहिले. जर्मनांनी त्यांना आधी हॉलंडला आणि मग फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या लाकानोला किनाऱ्याच्या पहाऱ्यावर धाडलं. आपला देश सोडवायला आलेली माणसं आता दुसऱ्याच्या व्यापलेल्या देशात राखण करत होती.

ऑगस्ट १९४४ मध्ये लिजन वाफेन-एसएसकडे गेली आणि माघार सुरू झाली. वाटेत फ्रेंच बंडखोरांचे हल्ले झाले, लिजनच्या काही शिपायांवर गावकऱ्यांवरील अत्याचाराचे आरोपही झाले.

त्याच्याच महिनाभर आधी, १० जुलैला, इटलीत जर्मनांशी लढताना माणगाव तालुक्यातले मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे मारले गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.